बाईंच्या वडिलांची गाडी

मी वालीवच्या एका कारखान्यात मापं तपासायचं काम करतो. प्लास्टिकची झाकणं साच्यातून निघाली की त्यातली काही उचलायची, व्हर्नियर लावायचा, झाकण घट्ट बसतंय की सैल ते लिहून ठेवायचं. वीस वर्षं हेच. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत फिरायला जावं, असं माझ्या बायकोचं म्हणणं. मी मात्र चंदनसारच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून पुन्हा मापंच घेतो. मी छोट्या गाड्या बनवतो.

खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी गाडी, म्हणजे वीतभरही नाही. दुकानात मिळणारी धातूची गाडी आणायची, तिचे स्क्रू काढून ती सुटी करायची, कारखान्यातून आलेला रंग उतरवायचा आणि मग तिला आपल्याला हवी तशी करायची. कुणाच्या काकांची जीप, कुणाचा भाजीचा टेम्पो. दारं कापून उघडती करायची, सीटवर जुन्या ब्लाउजपीसचं कापड ताणायचं, नंबरप्लेट सुईने रंगवायची. यात मला कधी गोंधळायला झालं नव्हतं. फोटो असतो, माप असतं, चुकलं तर दिसतं. पॉलिशपेपरने घासून परत करता येतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन भरवलं. पोस्टाची तिकिटं, भरतकाम, आणि एका टेबलावर माझ्या गाड्या. तिथे एक बाई बराच वेळ माझ्या काळ्यापिवळ्या टॅक्सीसमोर उभ्या राहिल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मी खुर्चीवरून उठलो.

"हात लावला तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"घ्या ना हातात."

त्यांनी टॅक्सी उचलली नाही. नुसतं टपावरून बोट फिरवलं. "आमच्या डॅडींकडे अशीच होती. टॅक्सी नव्हे, घरची. रंग वेगळा होता. तशी करता येईल तुम्हाला?"

त्या विरारजवळच्या नंदाखाल गावच्या. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या दिवसापासून मी त्यांना बाईच म्हणत आलो. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आई नव्वदीची, बाईंजवळच राहायची. गेलं वर्षभर आई विसरायला लागली होती. जेवली ते विसरायची, मुलांची नावं विसरायची. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला ओट्यावरच्या खुर्चीत बसली की एक प्रश्न विचारायची. गाडी आली का?

"रोज विचारते," बाई म्हणाल्या. "नाही म्हटलं की रडते. आली म्हटलं की कुठेय म्हणते. मला वाटलं, हातात द्यायला काही असलं तर बरं."

मी हो म्हणालो. सोपं काम वाटलं होतं.

पुढच्या रविवारी नंदाखालला गेलो. रस्त्यापासून आत केळीची वाडी, मग नारळ, मग घर. घर नवं होतं, फक्त पुढचा ओटा जुना ठेवलेला. बाईंनी फोटो आणून दिला. काळापांढरा. चर्चच्या दारात लग्नाची मंडळी, आणि कडेला गाडीचा पुढचा अर्धा भाग. बॉनेटवर हार. मागची बाजू फोटोच्या बाहेर राहिली होती. मी भिंग लावून पाहिलं, मापं काढली, पुढची जाळी कशी होती ते वहीत चितारलं.

"आणि रंग?"

"निळा," बाई म्हणाल्या. "गडद नाही. शाळेच्या शर्टासारखा निळा. मी मागच्या सीटवर बसून जायचे, मला पक्कं आठवतं."

त्यांच्या आई ओट्यावर होत्या. अंगाने लहानशा, डोळे अगदी स्वच्छ. त्या माझ्याशी काही बोलल्या. त्यांची घरची बोली वेगळी, मला अर्धीमुर्धीच कळली. बाईंनी सांगितलं, "ती म्हणतेय, ऊन लागलं असेल, पाणी प्या."

महिनाभरात गाडी झाली. तो निळा मिळवायला मी तीन डब्या मिसळल्या. चारच्या आधी पोचलो. आईंनी विचारलं, गाडी आली का? बाईंनी माझी निळी गाडी त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, एक चाक बोटाने फिरवलं, आणि परत बाईंच्या हातात दिली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, ही आपली नाही."

तेवढ्यात बाईंचे थोरले भाऊ आतून आले. तेही निवृत्त, बाजूच्याच घरात राहणारे. त्यांनी गाडी पाहिली आणि हसले. "निळी कुठली? हिरवी होती. मी धुवायचो ती. दर शनिवारी बावखलावरून बादलीने पाणी आणून." बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं डबकं, त्यांच्या घरामागे अजून आहे. "जिने धुतली नाही तिला रंग काय आठवणार?"

"मी बसायचे की रोज," बाई म्हणाल्या.

"आत बसलं की बाहेरचा रंग दिसत नाही."

मी दोघांकडे पाहत राहिलो. दोघंही शांतपणे बोलत होती आणि दोघांनाही खात्री होती. मला वाटलं, ज्याने घासली त्याचं बरोबर असणार. गाडी पिशवीत घातली, घरी येऊन थिनरमध्ये बुडवली, निळा उतरवला आणि हिरवा चढवला. भाऊ म्हणाले होते तसा, कोवळ्या केळीच्या पानाचा.

हिरवी घेऊन गेलो त्या दिवशी बाईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला होता. ती परदेशात असते. स्क्रीनवर तिचा चेहरा आला, मागे बर्फ दिसत होता. तिने गाडी स्क्रीनजवळ आणायला सांगितली. मग म्हणाली, "ही कोणाची? आपली तर पांढरी होती."

"तू तेव्हा शाळेत होतीस," भाऊ म्हणाले.

"म्हणूनच. मला चांगलं आठवतंय. पांढरी. मागचं दार उघडं होतं आणि सगळे उभे होते."

आईंनी हिरवी गाडी मांडीवर ठेवून घेतली खरी, पण पाचेक मिनिटांत तिच्याकडे बघायचंच सोडलं. फाटकाकडे पाहत त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

मी घरी परतलो तेव्हा बायको म्हणाली, "आता?"

"आता पांढरी."

"आणि मग?"

मी पांढऱ्या रंगाची डबी शोधायला लागलो. त्या आठवड्यात कारखान्यात मी एक अख्खा लॉट चुकून पास केला. झाकणं सैल होती. सुपरवायझरने विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे. खरं तर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. माझ्या वडिलांची सायकल कुठल्या रंगाची होती? काळी, असं मी नेहमी म्हणत आलोय. पण बाईंकडची तीन माणसं पाहिल्यावर माझी खात्री उडाली. गावी आत्याला फोन केला. ती म्हणाली, तुझ्या वडलांकडे सायकल होती? मी फोन ठेवला. त्या सायकलच्या दांड्यावर बसून मी शाळेत गेलोय. कमीत कमी मला तरी तसं वाटतं.

पांढरी गाडी सगळ्यात सुबक झाली होती. तीन वेळा रंग उतरवल्यामुळे पत्रा गुळगुळीत झाला होता. ती हातात देताच आईंनी ती ढकलली. जोरात. ती ओट्यावरून खाली पडली, एक आरसा तुटला. मी वाकून शोधायला लागलो. बाई ओशाळल्या. "असं कधी करत नाही हो ती," त्या म्हणाल्या. "माफ करा." भाऊ खुर्चीतून उठून वाडीत गेले.

मला वाटलं, सोडून द्यावं. पण तुटका आरसा लावायला गाडी तर घरी न्यावीच लागली. लावल्यावर पांढऱ्यावर डाग पडला, म्हणून पुन्हा रंग काढला आणि नुसता प्रायमर मारला. करडा, राखेसारखा. त्यावर कुठला रंग द्यावा ते ठरेना. दोन रविवार ती तशीच पडून राहिली. तिसऱ्या रविवारी बाईंचा फोन आला, की रंग राहू द्या, तुम्ही या, आई तुमची आठवण काढते. म्हणजे त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, पण ज्याला पाणी दिलं तो माणूस कुठे गेला, असं त्या विचारत होत्या. मी करडी गाडीच घेऊन गेलो.

या खेपेला त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. बॉनेटवर अंगठा फिरवला, जिथे फोटोत हार होता तिथे. आणि काहीतरी म्हणाल्या. बाई एकदम खाली बसल्या.

"काय झालं?"

"म्हणते, ही फोटोतली."

मला आधी फार आनंद झाला. जमलं, असंच वाटलं. पण आईंनी गाडी नीट बाजूच्या स्टुलावर ठेवली, पदर सारखा केला, फाटकाकडे पाहिलं आणि विचारलं, गाडी आली का?

भाऊ तोवर वाडीतून येऊन आमच्याजवळ उभे होते. आईंना ती गाडी ओळखता येत होती. ती त्यांच्या नवऱ्याचीच होती. आणि त्या तिची वाट पाहत नव्हत्या.

भाऊ म्हणाले, "ती जुनं माणूस. ती मोटारला गाडी कधी म्हणायचीच नाही. मोटारच म्हणायची."

"मग गाडी म्हणजे?" मी विचारलं.

"बैलगाडी. पूर्वी केळीचे घड बैलगाडीतून स्टेशनवर जायचे. डॅडी पहाटे न्यायचे आणि दुपारी चारला रिकामी गाडी घेऊन परत यायचे."

चार वाजता. बाईंनी कपाळाला हात लावला. "मला ती गाडी आठवतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

करडी गाडी भावांनी मागून घेतली. त्यांनी ती त्यांच्या कपाटात काचेमागे ठेवली. मला म्हणाले, हिरवा देऊ नका आता, असू दे.

बैलगाडी करणं मला येत नव्हतं. सागाच्या पातळ पट्ट्या, आगपेटीच्या काड्या, चाकांच्या कडेच्या धावेला तांब्याची तार. भावांनी हाताने हवेत दाखवलं, साटा, म्हणजे माल ठेवायची चौकट, एवढा, जू एवढं. त्यांची मापं दर वेळी वेगळी यायची. मी तीही लिहून घेतली. एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती, ती गाडी पूर्ण झाल्यावर बायकोच्या लक्षात आली. "बैल कुठेत?" ती म्हणाली. मला बैल येत नाहीत. सरळ रेघा येतात, बैलाला सरळ रेघ कुठेच नसते. शेवटी विरारच्या बाजारातून पोळ्याचे मातीचे दोन बैल आणले. गाडीच्या मानाने जरा मोठेच होते. स्केल चुकली होती आणि मला ते सहन करावं लागलं.

आईंनी गाडी पाहिली. बैल पाहिले. त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या भराभर बोलायला लागल्या आणि बाई हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"ती विचारते, बैलांना पाणी दाखवलं का?"

बाईंनी आतून बशीत पाणी आणलं. आईंनी एकेक बैल उचलून त्याचं तोंड पाण्याला लावलं. मातीचे बैल, वरचा रंग कच्चा. बशीतलं पाणी गढूळ झालं, एका बैलाचं तोंड विरघळून गोल झालं. त्यांनी ते पुसलं आणि त्याच्या पाठीवर थाप दिली. त्या दुपारी त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. मी गाडी चालवत घरी पोचलो तेव्हाही गाणं गुणगुणत होतो, असं बायकोने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंचा फोन आला. "आज परत विचारलं."

"बैलगाडी समोर ठेवून?"

"समोर ठेवून. बैलांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं."

मी कारखान्याच्या फाटकात उभा होतो. शिफ्ट सुटली होती, माणसं बाजूने जात होती. रविवारी येतो, एवढं म्हणून मी फोन ठेवला.

मग मला धाकट्या बहिणीचं बोलणं आठवलं. पांढरी, मागचं दार उघडं, सगळे उभे. मी कुठल्या गाडीच्या मागच्या दाराविषयी ऐकत होतो? त्या जुन्या गाडीला बाजूची दारं होती, पण पाठीकडे दारच नव्हतं, नुसती सामानाची डिकी. पुढच्या रविवारी ओट्यावर फक्त मी आणि बाई होतो, तेव्हा मी विचारलं, "बाई, डॅडींना दवाखान्यात कशातून नेलं होतं?"

त्यांनी स्टुलावरची बशी उचलून परत ठेवली.

"अँब्युलन्समधून. दुपारीच. आईला बरोबर नेलं नाही. तिला सांगितलं, घरी थांब, गाडी परत येईल." पुढे म्हणाल्या, "ते परत आले नाहीत. गाडीही नाही आली. आम्ही बसने आलो."

"पांढरी असेल ती."

"असेल. माझ्या बहिणीने तेवढीच पाहिली असेल नीट." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही ती करणार का?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी करू शकलो असतो. चौकोनी गाडी, सरळ रेघा, माझ्या हातातलं काम.

"ती नको," बाई म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. पण त्यामुळे मला कळेनासं झालं, की आईंनी त्या दिवशी पांढरी गाडी का ढकलली. ओळखली म्हणून, की ओळखली नाही म्हणून? की नुसतंच, हातावर ऊन पडलं होतं म्हणून? बाईंना विचारलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी काही बनवलं नाही. तरी रविवारी जात राहिलो. चार वाजता आईंनी विचारलं की घरातलं कुणीतरी उत्तर द्यायचं. येतेय. निघालीय. अजून वेळ आहे. एकदा बाई आत चहा करत होत्या, भाऊ वाडीत होते, आणि आईंनी थेट माझ्याकडे बघून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आली."

त्या उठल्या. खुर्चीचा हात धरून, कुणाच्या मदतीशिवाय. पदर नीट घेतला, पायात चपला सरकवल्या आणि पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. बाई कपबशा घेऊन बाहेर आल्या तर हे दृश्य.

"काय सांगितलंत तिला?"

"आली म्हणालो. चुकलं माझं."

आता त्यांना परत बसवायचं कसं? त्या तयार होऊन उभ्या होत्या. फाटकाबाहेर माझी गाडी होती, नेहमीची, कर्जावर घेतलेली लहान गाडी, जिच्याकडे मी कधी निरखून पाहिलंही नाही. मी दार उघडलं. आई पुढच्या सीटवर बसल्या, बाई मागे. "कुठे नेऊ?" मी विचारलं. बाईंनी खांदे उडवले. मी आगाशीच्या दिशेने निघालो, तळ्याकडून वळलो, परत आलो. सारा वेळ आई समोर बघत होत्या. घरी पोचल्यावर त्यांनी मला विचारलं, आणि हे मला बाईंनी न सांगताच कळलं, "कुठे गेलो होतो आपण?"

"आगाशीला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. बायकोही आता येते, मागे बाईंच्या शेजारी बसते, दोघी लोणच्याच्या गोष्टी करतात. यामुळे आईंचं विचारणं थांबलेलं नाही. सोमवारी त्या परत विचारतात. आम्ही जे करतोय त्याचा त्यांना उपयोग होतो की आम्हालाच बरं वाटतं, हे मी बाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, मलाही रोज तोच प्रश्न पडतो.

गेल्या रविवारी बोळिंजच्या बाजूने जात असताना आईंनी अचानक हात वर केला आणि डावीकडे दाखवलं. मी वळलो. पुढे नव्या इमारतींची रांग होती, त्यातल्या एका फाटकापाशी त्यांनी हाताने थांबवलं. मी बाईंकडे मागे वळून पाहिलं.

"इथे काय होतं? तुमचं आजोळ?"

"नाही. आजोळ तर पार त्या टोकाला. इथे काही नव्हतं. भरतीच्या पाण्याचं खाजण असेल, नाहीतर मिठागर. मला माहीत नाही."

आई काचेतून फाटकाकडे बघत होत्या. शांत होत्या, अगदी पोचल्यासारख्या. केबिनमधून वॉचमन बाहेर आला, काच खाली करायची खूण केली.

"किसके यहाँ जाना है?"

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आईकडे. आईंनी वॉचमनला काहीतरी सांगितलं, हळू आवाजात, दोनच शब्द. त्याला कळलं नाही, मलाही नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, जरा थांबा," बाई म्हणाल्या.

मी इंजिन बंद केलं. वॉचमनने एक प्लास्टिकची खुर्ची आणली, आई उतरणार असतील तर म्हणून, आणि गाडीच्या बाजूला ठेवली. आई उतरल्या नाहीत. आम्ही चौघं काचा खाली करून तिथे बसून राहिलो.